गुप्तहेर वळून पाहतो तेव्हा

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी पहिल्या सत्रात नाटकाचा तास चालू असताना आमच्या सरांनी 'चौथी भिंत' हा शब्द उच्चारला आणि ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. साऱ्या वर्गाने तो शब्द वहीत उतरवून घेतला. मीही घेतला. मग हळूच वर्गाच्या भिंती मोजल्या. त्या चारच होत्या, आणि चौथीत विशेष असे काही दिसले नाही. विचारायचे धाडस मात्र झाले नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. अशा मुलाला एक सवय फार लवकर जडते. जे समजले नाही त्यावरही समजल्यासारखी मान डोलवायची!

त्या शब्दाचा खरा अर्थ मला उलगडला तो विनोदी गुप्तहेरपटांमुळे. यंदा आमच्या चित्रपट मंडळाने अशा काही जुन्या अमेरिकन चित्रपटांचे खेळ सभागृहात केले. ते पाहताना एक प्रश्न माझ्या मनात सारखा डोकावत राहिला. रहस्यपटात प्रेक्षकाने भान हरपून गुंतावे अशी अपेक्षा असते. मग त्यातल्या गुप्तहेराने मध्येच 'अहो, हा सिनेमा आहे' असे सुचवले, तर रसभंग व्हायला हवा. पण होते उलटेच. सभागृह खदखदून हसते आणि तो गुप्तहेर आपल्याला अधिकच जवळचा वाटू लागतो. असे का व्हावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर माझ्या कुवतीप्रमाणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम चौथ्या भिंतीविषयी. रंगमंचावर दिवाणखाना उभा केला तर त्याला मागे एक आणि बाजूंना दोन अशा तीन भिंती असतात. चौथी बाजू प्रेक्षकांकडे उघडी असते. फ्रेंच लेखक दिदरो याने १७५८ साली नटांना असा सल्ला दिला की, रंगमंचाच्या कडेला एक मोठी भिंत आहे असे समजा आणि प्रेक्षक नाहीतच असे मानून काम करा. पुढे एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी नाटकाने हा दंडक मनोभावे पाळला. पात्रांनी आपसांत बोलावे आणि आपण अंधारात बसून जणू चोरून पाहावे, अशी ही व्यवस्था. पात्राने ती मोडून थेट प्रेक्षकांची दखल घेतली, की चौथी भिंत पडली असे म्हणतात.

हे वाचले तेव्हा मला हसूच आले. कारण लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून जत्रेत जो तमाशा मी पाहिला, त्यात ही भिंत कधी नव्हतीच. गवळणीतली मावशी समोरच्या मंडळींची थट्टा करते. सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून गावातल्या पाणीटंचाईवर बोलतो. संस्कृत नाटकाचा सूत्रधारही आरंभी प्रेक्षकांसमोर येऊन कोणते नाटक होणार हे सांगतो. म्हणजे जी भिंत युरोपात आधी बांधून मग पाडावी लागली, ती आमच्याकडे फार उशिरा आली.

परंतु तमाशा आणि चित्रपट यांत एक मोठा फरक आहे. सोंगाड्याला आमचे हसणे ऐकू येते आणि त्यावर तो पुढची कोटी करतो. पडद्यावरच्या नटाला काहीच ऐकू येत नाही. त्याने आपले काम कधीच संपवलेले असते, आणि पुष्कळदा तो हयातही नसतो. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रंगमंचावरचा नट एका वेळी फार तर पुढच्या चार रांगांकडे पाहू शकतो. चित्रपटातल्या नटाने कॅमेऱ्याच्या भिंगात पाहिले, की सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला तो आपल्याचकडे पाहतो आहे असे वाटते. पहिल्या रांगेतल्या पाहुण्याला जसे वाटते, तसेच शेवटच्या बाकावरच्या मलाही. लॉरेल-हार्डी जोडीतला लठ्ठ हार्डी फजिती झाल्यावर असा कॅमेऱ्याकडे पाहतो, तेव्हा भाषेची गरजच उरत नाही.

आता गुप्तहेराकडे वळू. माझ्या मते रहस्यकथेत चौथ्या भिंतीच्या आत आणखी एक भिंत असते. ती ज्ञानाची भिंत. गुप्तहेराला सारे काही आपल्या आधी कळते. शेरलॉक होम्स चिखलाचा डाग पाहून माणसाचा प्रवास सांगतो. आपण डॉक्टर वॉटसनच्या शेजारी बसून आश्चर्य करतो. आमच्या गावच्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांची फाटकी पुस्तके होती. त्यांतल्या धनंजयापुढे छोटू जसा, तसेच आम्ही वाचकही. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स याने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही ताबडतोब दाखवला पाहिजे, अशा आशयाचा एक नियम त्यांत आहे. असा नियम करावा लागला यातच सारे आले! लेखक लपवतो, वाचक चाचपडतो आणि शेवटी हुशार माणूस सर्वांना एका खोलीत बसवून उलगडा करून दाखवतो, ही या साहित्यप्रकाराची मूळ घडण आहे.

गंभीर रहस्यपटातही प्रेक्षकांशी थेट बोलण्याचा प्रयोग झालेला आहे. रेमंड चँडलरच्या कादंबरीवरून १९४७ साली निघालेल्या 'लेडी इन द लेक' या चित्रपटाचे दिग्दर्शन रॉबर्ट माँटगोमेरी याने केले आणि फिलिप मार्लो या खाजगी गुप्तहेराची भूमिकाही त्यानेच केली. जवळजवळ साऱ्या चित्रपटात कॅमेरा हाच मार्लोचा डोळा असतो. मार्लो आपल्याला दिसतो तो मुख्यतः आरशात. आरंभी मात्र तो टेबलाशी बसून सरळ आपल्याकडे पाहून बोलतो. मी जे पाहिले तेच तुम्हीही पाहाल, धागेदोरे तुम्हालाही मिळतील, कोडे सुटते का पाहा, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. येथे चौथी भिंत पडते खरी, पण ज्ञानाची भिंत तशीच उभी राहते. त्याला उत्तर ठाऊक आहे आणि आपल्याला नाही. परीक्षेच्या दालनात प्रश्नपत्रिका वाटणाऱ्या पर्यवेक्षकासारखे ते बोलणे वाटते. म्हणूनच तेथे हसू येत नाही.

विनोदी गुप्तहेरपट नेमकी हीच दुसरी भिंत पाडतो, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी काही उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण बस्टर कीटनच्या 'शेरलॉक ज्युनियर' या १९२४ सालच्या मूकपटाचे. अवघ्या पाऊण तासाचा हा चित्रपट. त्याचा नायक एका लहानशा चित्रपटगृहात ऑपरेटर आहे. झाडलोटही त्यालाच करावी लागते. 'गुप्तहेर कसे व्हावे' असे एक पुस्तक तो सतत वाचतो. त्याचा प्रतिस्पर्धी मुलीच्या वडिलांचे घड्याळ चोरतो, ते गहाण टाकतो आणि गहाणाची पावती हळूच नायकाच्या खिशात सरकवतो. आळ नायकावर येतो. गंमत अशी की, चोर कोण हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त गुप्तहेर होऊ पाहणाऱ्या त्या बिचाऱ्याला. पुस्तकातल्या सूचनेबरहुकूम तो संशयिताचा पाठलाग करतो आणि फसतो. म्हणजे होम्सच्या कथेतला क्रम येथे उलटा झाला. प्रेक्षक पुढे आणि गुप्तहेर मागे!

पुढे यंत्राशेजारी त्याला झोप लागते. स्वप्नातला तो झोपलेल्या देहातून उठतो, प्रेक्षकांच्या मधून चालत पुढे जातो आणि सरळ पडद्यात शिरतो. आतला माणूस त्याला उचलून बाहेर फेकतो. तो पुन्हा शिरतो. आता त्याला कोणी हाकलत नाही, पण चित्रपटच त्याला टिकू देत नाही. बागेतल्या बाकावर बसायला जावे, तो दृश्य बदलते आणि तो भर रस्त्यात पडतो. मग डोंगराचा कडा, मग सिंह, मग वाळवंट, मग समुद्रातला खडक. खडकावरून तो पाण्यात सूर मारतो आणि बर्फात डोके खुपसून पडतो. ही जागांची अदलाबदल बेमालूम व्हावी म्हणून कीटन आणि त्याचे सहकारी प्रत्येक ठिकाणी कॅमेरा व नट यांतले अंतर काटेकोर मोजून घेत. संगणक नसलेल्या काळातले हे काम आहे. याच चित्रपटात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली काम करताना कीटनच्या मानेचे हाड मोडले आणि ते त्याला कित्येक वर्षांनी डॉक्टरांच्या तपासणीत कळले.

वाचकहो, तो बाकावरून पडण्याचा प्रसंग पाहून सारे सभागृह हसले. मीही हसलो, पण मला आमच्या महाविद्यालयातला पहिला महिना आठवला. एका तासाला जरा कोठे स्थिर व्हावे, तो विषय, खोली, भाषा सारेच बदललेले असे. आतल्या लोकांना ते बदल जाणवतही नव्हते.

स्वप्नात मात्र तो जगातला सर्वश्रेष्ठ गुप्तहेर होतो. खलनायक बिलियर्डच्या तेरा नंबरच्या चेंडूत स्फोटक भरून ठेवतात, आणि हा तो एक चेंडू सोडून बाकी सारे लीलया टिपतो. इकडे जागेपणीच्या जगात चोरीचा छडा लागतो तो त्या मुलीमुळे. ती सरळ गहाणाच्या दुकानात जाऊन घड्याळ कोणी आणले होते ते विचारते. विचारणे, एवढेच काय ते करायचे होते!

शेवटचा प्रसंग तर फारच मार्मिक आहे. मुलगी ऑपरेटरच्या खोलीत येऊन क्षमा मागते. आता काय बोलावे, काय करावे हे याला कळत नाही. तो खिडकीतून पडद्याकडे पाहतो. पडद्यावरचा नायक नायिकेचा हात हातात घेतो, हाही घेतो. नायक अंगठी घालतो, हाही घालतो. मग पडद्यावरचे दृश्य एकदम पुढे उडी मारते आणि नायकाच्या मांडीवर दोन बाळे दिसतात. मधले काहीच दाखवलेले नाही! आमचा ऑपरेटर डोके खाजवत राहतो. कीटन येथे आपल्याशी एक शब्दही बोललेला नाही. तरीही चित्रपट पाहून जगणे शिकणाऱ्या साऱ्यांना त्याने आरसा दाखवला आहे.

दुसरे उदाहरण १९४७ सालच्याच 'माय फेवरिट ब्रुनेट' या चित्रपटाचे. 'लेडी इन द लेक' ज्या वर्षी आला त्याच वर्षी त्या परंपरेची ही थट्टाही पडद्यावर आली, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. बॉब होप येथे लहान मुलांचे फोटो काढणारा फोटोग्राफर आहे. त्याच्या शेजारीच एका खाजगी गुप्तहेराची कचेरी आहे आणि आपणही तसेच व्हावे ही याची हौस. हंफ्री बोगार्ट, डिक पॉवेल, गेला बाजार अ‍ॅलन लॅड यांच्यासारखे व्हावे, असे तो सांगतो. आणि तो शेजारचा गुप्तहेर म्हणून पडद्यावर येतो कोण, तर स्वतः अ‍ॅलन लॅड! साऱ्या चित्रपटाची हकीकत होप मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात पत्रकारांना सांगतो आहे. गंभीर गुन्हेपटांत नायक जड आवाजात गतकथा सांगतो, त्याचेच हे विडंबन. शेवटी त्याचे निर्दोषत्व सिद्ध होते आणि शिक्षा रद्द झाल्यामुळे फाशीगृहाचा अधिकारी हिरमुसतो. तो अधिकारी म्हणजे बिंग क्रॉसबी. त्यावर हा मनुष्य कोणतीही भूमिका पत्करतो, अशा अर्थाचा टोमणा होप मारतो.

खरे सांगायचे तर हा विनोद मला कळला नाही. पुढच्या रांगांत दोन-चार जण हसले, बाकी सभागृह गप्प. तेव्हा सरांनी चित्रपट थांबवून सांगितले की, क्रॉसबी हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय गायक-नट. १९४० पासून होपबरोबर त्याची जोडी अनेक चित्रपटांत गाजली होती आणि एकमेकांची टर उडवणे हा त्या दोघांचा नेहमीचा खेळ होता. कथेतला फोटोग्राफर क्रॉसबीला ओळखत नाही. ओळखतो तो बॉब होप. म्हणजे त्या एका वाक्यापुरते पात्र बाजूला झाले आणि नट बोलला. हे समजल्यावर सारे सभागृह दोन मिनिटे उशिरा हसले! यावरून मी एक गोष्ट शिकलो. भिंत पाडून केलेल्या विनोदालाही दार असते. त्याची किल्ली ज्याच्यापाशी नाही तो बाहेरच राहतो. ती किल्ली कोणीतरी द्यावी लागते.

याउलट मार्क्स बंधूंच्या 'द बिग स्टोअर' या १९४१ सालच्या चित्रपटातला एक विनोद पाहा. ग्राऊचो मार्क्स येथे फ्लायव्हील नावाचा भुरटा खाजगी गुप्तहेर आहे आणि एका मोठ्या दुकानात त्याची नेमणूक झाली आहे. कपड्यांच्या प्रदर्शनात एका पोशाखाचे वर्णन करताना तो सांगतो की, हा पोशाख भडक लाल आहे, पण काय करणार, रंगीत चित्रपट फार महाग पडतो. चित्रपट कृष्णधवल आहे! या विनोदाला कोणतीही किल्ली लागत नाही. पडद्यावर लाल रंग नाही हे पहिल्या रांगेलाही दिसते आणि शेवटच्या रांगेलाही. गुप्तहेराचे काम लपलेले शोधण्याचे. ग्राऊचो मात्र उघड दिसणारी गोष्टच मोठ्याने बोलून दाखवतो, आणि आपण जे पाहत होतो ते त्यालाही दिसते आहे हे कळून हसू फुटते.

शेवटचे उदाहरण 'मर्डर बाय डेथ' या १९७६ सालच्या चित्रपटाचे. लेखक नील सायमन. होम्सनंतरच्या पाच प्रसिद्ध गुप्तहेरांची विडंबने एका वाड्यात जमवली आहेत. यजमान लायोनेल ट्वेन याची भूमिका ट्रूमन कपोटी या कादंबरीकाराने केली आहे. अखेरीस हा यजमान त्या साऱ्या गुप्तहेरांना धारेवर धरतो. तुम्ही वर्षानुवर्षे वाचकांना फसवले, शेवटच्या पाच पानांत कधी न भेटलेली पात्रे आणलीत, धागेदोरे लपवून ठेवलेत, असा त्याचा आरोप आहे. तो आपल्याकडे पाहत नाही. पण तो आपल्या वतीने बोलतो. नॉक्सने सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ज्याचा नियम केला, त्याचीच फिर्याद येथे कथेच्या आत उभी राहते. पोट धरून हसावे असा हा प्रसंग आहे.

पण याच चित्रपटात माझे हसू एका ठिकाणी थांबले. पीटर सेलर्स या इंग्रज नटाने येथे सिडनी वाँग या चिनी गुप्तहेराचे सोंग घेतले आहे. तो मोडके इंग्रजी बोलतो, वाक्यातले शब्द गाळतो, आणि यजमान त्याला त्यावरून पुनःपुन्हा झिडकारतो. आजूबाजूचे मित्र हसत होते. मी इंग्रजीच्या तासाला उभा राहून वाचतो तेव्हा जे होते, तेच मला तेथे दिसले. पडद्यावरच्या त्या सोंगाला आपल्याकडे वळून पाहण्याची, दोन शब्द आपल्याशी बोलण्याची संधीच दिलेली नाही. सारे त्याच्या डोक्यावरून हसतात. ज्या चित्रपटाने प्रेक्षकांच्या बाजूची फिर्याद मांडली, त्यानेच एका माणसाला भिंतीआड ठेवले. मला वाटते, विनोदाची खरी परीक्षा येथे आहे. फजिती झालेला मनुष्य वळून आपल्याकडे पाहतो, तेव्हा आपण त्याच्याबरोबर हसतो. त्याला वळूच दिले नाही, तर आपण त्याला हसतो.

या साऱ्या विवेचनाचे तात्पर्य असे की, विनोदी गुप्तहेरपटात चौथी भिंत पाडणे ही केवळ नटाची खोडी नाही. सर्वज्ञ गुप्तहेर आणि अज्ञ प्रेक्षक यांच्यातले अंतर त्या क्षणी नाहीसे होते. कीटनचा ऑपरेटर मान्य करतो की पुढे काय करायचे ते मला कळत नाही. ग्राऊचो मान्य करतो की आमच्यापाशी रंगासाठी पैसे नाहीत. मार्लोसारखी परीक्षा न घेता ते आपल्या बाकावर येऊन बसतात. रहस्यपटाचा रस त्याने बिघडत नाही, कारण येथे रस रहस्यात नसून सोबतीत आहे.

आता आरंभीचा धागा पुरा करतो. कीटनचा चित्रपट संपल्यावर दिवे लागले, तेव्हा माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा मागे वळला. वर्गात नेहमी पहिला येणारा, इंग्रजी फाडफाड बोलणारा. त्याने हळूच विचारले, "अरे, ती चौथी भिंत म्हणजे नक्की काय रे? गेल्या वर्षीपासून वहीत नुसतीच लिहून ठेवली आहे." मी म्हणालो, "माझ्याही वहीत नुसतीच आहे." आम्ही दोघेही मोठ्याने हसलो.

दुसऱ्या दिवशी तासाला मी हात वर केला. सर रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर रंगमंचाची आकृती काढली आणि चांगली दहा मिनिटे समजावून सांगितले. मी मागच्या बाकावरून पाहत होतो. जवळजवळ सारा वर्ग नव्याने लिहून घेत होता.